कानाचा न्याय

गेल्या दिवाळीत आमची लेक ग्लासगोहून आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. नरकचतुर्दशीची अभ्यंगस्नाने झाली, फराळाची ताटे मांडली गेली आणि शेजारपाजारची मंडळी येऊ लागली. येणारा प्रत्येक जण आधी चकली खुसखुशीत झाल्याचे सांगे आणि मग नातीकडे वळे. “बाळ, जरा इंग्रजीत बोलून दाखव बघू!”

नात बोलून दाखवी. तिच्या तोंडी ‘गर्ल’ची ‘गेरल’ होते आणि ‘वर्ल्ड’चे ‘वरल्ड’. मधला ‘र’ असा टणत्कार करतो की, पितळेच्या वाटीवर कुणी चमचा वाजवावा. ‘वॉटर’मधला ‘ट’ मात्र ती चक्क गिळून टाकते. शेजारच्या काकू तर या बोलण्यावर लुब्ध झाल्या. “किती गोड गं बाई! नाहीतर आमचा मेलबर्नचा नातू. ‘टुडे’ म्हणायचं तर ‘टुडाय’ म्हणतो. सणासुदीला कसलं ते मरणाचं नाव!”

सगळे हसले. मीही हसलो, आणि खरे सांगायचे तर सर्वांत जास्त मीच फुशारलो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळपर्यंत मी तिला ‘गर्ल’ आणि ‘वर्ल्ड’ निदान वीस वेळा म्हणायला लावले असेल. एकविसाव्या वेळी ती गप्प राहिली. मग म्हणाली, “आबा, मी तुम्हाला केव्हाची एक गोष्ट सांगतेय. तुम्ही ऐकतच नाही. तुम्ही नुसतं मी कशी बोलते तेच ऐकता.”

तिची शाळेतली जिवाची मैत्रीण गाव सोडून जाणार होती. ती बातमी ती दोन दिवस मला सांगत होती. दुःखाचे शब्द मराठीत सापडेनात, म्हणून इंग्रजीत सांगत होती, आणि मी त्यातले ‘र’ मोजत होतो!

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. आठ वर्षांच्या मुलीच्या बोलण्याने झोप उडावी असे त्यात काय होते? होते काही. पण ते सांगण्याआधी या ‘र’ची थोडी कुळकथा सांगितली पाहिजे.

आमच्या घरात हा ‘र’ पहिल्यांदा नातीने आणला नाही. आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, १९३०नंतरच्या दशकात मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकले. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली लावलेले ते रोप. अण्णांच्या वेळीही तेथे स्कॉटिश प्राध्यापक शिकवीत असत. अण्णांचा इंग्रजी ‘र’ खणखणीत होता. आम्ही भावंडे रेडिओवरच्या बातम्या ऐकून शहाणी झालेली. ‘फादर’, ‘मदर’ यांच्या शेवटी ‘र’ उच्चारायचा नसतो हे आम्हाला ठाऊक! आम्ही हसलो की अण्णा मानेला झटका देऊन म्हणत, “हसू नका. हा एडिंबरोचा ‘र’ आहे.”

तो ‘र’ एडिंबरोचा नव्हता. तो वाईचा होता. कृष्णाकाठी संथा म्हणताना घटवलेला, चार पिढ्यांचा, शुद्ध मराठी ‘र’. दैवयोगाने त्याला स्कॉटलंडचे प्रशस्तिपत्र मिळाले इतकेच. गंमत अशी की, अण्णांनी एडिंबरोचे नाव घेतले की आमचे हसू थांबे. आवाज तोच, जीभ तीच. वाईचा म्हटला की गावंढळ आणि एडिंबरोचा म्हटला की रुबाबदार! लहानपणी ही गंमत वाटली होती. पुढे इंग्रजीचा प्राध्यापक झालो आणि कळले की, सारे इंग्रजीभाषक जग याच न्यायाने चालत आले आहे.

ज्या स्कॉटिश बोलण्यावर आमच्या काकू भाळल्या, त्याची एकेकाळी स्कॉटलंडातल्याच मोठमोठ्या लोकांना लाज वाटत असे. डेव्हिड ह्यूमसारखा प्रखर बुद्धीचा तत्त्वज्ञ. पण आपल्या लिहिण्यात कोठे स्कॉटिश वळण डोकावते की काय, या भीतीने त्याने तसल्या शब्दप्रयोगांची यादीच १७५२ साली केली होती. १७६१ साली टॉमस शेरिडन नावाच्या गृहस्थाने एडिंबरोत शुद्ध इंग्रजी उच्चारांवर व्याख्याने दिली आणि तेथील प्रतिष्ठित मंडळी ती ऐकायला लोटली. हा शेरिडन होता आयरिश! म्हणजे स्कॉटिश माणसाला इंग्रजासारखे बोलायला एका आयरिश माणसाने शिकवायचे. आज तेच स्कॉटिश बोलणे लोकांना प्रामाणिक आणि आपुलकीचे वाटते. ब्रिटनमधल्या बँका नि विमा कंपन्या यांनी आपली टेलिफोन-केंद्रे स्कॉटलंडात थाटली, त्याच्या कारणांत हेही एक कारण सांगितले जाते. अडीचशे वर्षांत त्या ‘र’मध्ये काय बदलले? बदलले ते ऐकणाऱ्याचे मन.

या ‘र’चीच आणखी एक गोष्ट आहे आणि ती तर एखाद्या प्रहसनात शोभावी अशी. अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इंग्लंडातील लोकांनी शब्दाच्या शेवटचा ‘र’ उच्चारणे सोडून दिले. राजधानीने सोडला म्हणून न उच्चारणे हे खानदानीपणाचे लक्षण ठरले. उच्चारणारा तो खेडवळ. आता अटलांटिक ओलांडून न्यू यॉर्कला जाऊ. तेथे १९६२ साली विल्यम लबॉव्ह नावाच्या तरुण भाषाशास्त्रज्ञाने एक साधी युक्ती केली. श्रीमंतांचे, मध्यमवर्गाचे आणि गरिबांचे अशी तीन मोठी दुकाने निवडली. चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूंची नावे घेऊन ‘त्या कोठे मिळतील?’ असे तो नोकरांना विचारी. उत्तर येई ‘फोर्थ फ्लोअर’. एका उत्तरात दोन ‘र’! ऐकू आले नाही असे दाखवून तो ते पुन्हा वदवून घेई आणि बाजूला जाऊन टिपून ठेवी. श्रीमंतांच्या दुकानात शंभरांतल्या ६२ नोकरांच्या तोंडून ‘र’ ऐकू आला, मधल्या दुकानात ५१ आणि स्वस्त दुकानात अवघ्या २०. म्हणजे लंडनमध्ये जो ‘र’ टाकला की माणूस वर चढतो, तोच न्यू यॉर्कमध्ये टाकला की खाली घसरतो!

तरीसुद्धा कुणी म्हणेल, ‘काही बोलणी मुळातच गोड असतात, आयरिश बोलणे कसे गाण्यासारखे वाटते!’ मलाही ते वाटते. पण या समजुतीची एकदा रीतसर परीक्षा झालेली आहे. ग्रीसमध्ये अथेन्सचे बोलणे प्रतिष्ठेचे आणि क्रीट बेटाचे खेडवळ मानतात. ग्रीक भाषेचा गंधही नसलेल्या ब्रिटिश विद्यार्थ्यांना दोन्ही बोलणी ऐकवली आणि यात गोड कोणते ते विचारले. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांना दोहोंत काहीच डावे-उजवे करता आले नाही. परक्या कानाला गोडवा सापडला नाही, कारण तो ध्वनीत नव्हताच. तो असतो अथेन्सच्या वाड्यांत, क्रीटच्या शेळ्यांत आणि त्या दोहोंविषयी आपण लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींत. आयरिश बोलणे मला गाण्यासारखे वाटते, कारण मी येट्स आणि सिंज वाचून मग ते ऐकले. ज्याने आयरिश माणसाला फक्त खोदकाम करताना पाहिले असेल, त्या लंडनच्या मुकादमाला त्यात कोठले गाणे?

इथवर सारी मौज आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर ही गोष्ट चवीने सांगावी आणि सोडून द्यावी. पण नातीच्या त्या वाक्याने माझी झोप उडवली ती यामुळे नव्हे. तिने नकळत माझ्या एका जुन्या जखमेवरची खपली काढली. जखम म्हणायचाही मला अधिकार नाही. कारण ती दुसऱ्याला झाली होती, आणि करणाऱ्यांत मी होतो.

१९८४ साल असावे. एका कॉलेजात इंग्रजीच्या अधिव्याख्यात्याची एक जागा भरायची होती आणि निवड समितीत माझी वर्णी लागली होती. चौघांत मीच वयाने लहान. उमेदवार पाच-सहा होते. त्यांतला एक परभणीकडचा होता. अंगात नवा पांढरा सदरा, घड्या अजून न मोडलेला. आम्ही त्याला वर्ड्स्वर्थची ‘सॉलिटरी रीपर’ शिकवून दाखवायला सांगितले.

तो शिकवू लागला. वर्ड्स्वर्थ म्हटला की ‘नेचर’ शब्द पावलोपावली येणारच, आणि घोटाळा तेथेच झाला. त्याच्या ‘नेचर’मधला ‘च’ चिंचेतला नव्हता, चाकातला होता. ‘कॉलेज’चे ‘कालेज’ होत होते. आमच्यापैकी एक जण खिडकीबाहेर पाहू लागला. दुसऱ्याने पेन्सिलीने कागदावर काहीतरी लिहून माझ्याकडे सरकवले. कागदावर एकच शब्द होता, ‘चाक’! मी ओठ दाबून हसलो.

आणि नेमके त्याच वेळी तो माणूस काय म्हणत होता? तो म्हणत होता, “ही मुलगी हायलंडची आहे, ती गेलिक भाषेत गात असणार. कवीला त्यातले अक्षर कळत नाही. ती काय गाते म्हणून तो आजूबाजूच्यांना विचारतो. तिला विचारत नाही. मग सूर मनात घेऊन तो टेकडी चढून निघून जातो. कवीला सूर मिळाला. मुलगी कापणीला वाकली होती, ती वाकलेलीच राहिली. विद्यार्थ्यांना मी विचारीन की, तिचे काय झाले?”

ही कविता मी तोवर अकरा वर्षे शिकवीत आलो होतो. मला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

तो बाहेर गेल्यावर पाच मिनिटे ‘नेचर’ची नक्कल चालली. निवड झाली मुंबईच्या एका कॉन्व्हेंटात शिकलेल्या गृहस्थांची. ते भले होते, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. त्यांनी कवितेविषयी जे सांगितले ते कोणत्याही गाइडात मिळाले असते. पण कानाला ते लोण्यासारखे लागले. परभणीच्या उमेदवाराच्या नावापुढे आम्ही शेरा लिहिला, ‘उच्चार विद्यार्थ्यांना समजणार नाहीत.’ त्या कागदावर माझीही सही आहे.

हा शेरा खोटा होता, हे मला त्याच दिवशी घरी जाताना कळले. ‘समजणार नाहीत’ म्हणजे काय? आम्हा चौघांपैकी एकालाही त्याचा एकही शब्द समजला नाही असे झाले नव्हते. समजला नसता तर हसू कशाचे आले असते? आणि आमचे विद्यार्थी तरी कोण होते? इंदापूरचे, शिरूरचे, बारामतीचे. त्यांच्या ‘नेचर’मधलाही ‘च’ चाकातलाच होता! मास्तराचे बोलणे आपल्यासारखे आहे आणि तरीही त्याला वर्ड्स्वर्थ कळतो, हे पाहून त्यांतली दोन-चार मुले तरी ताठ मानेने बसली असती. न समजणे ही एक अडचण आहे. तिचा विचार जरूर करावा. पण आम्ही न आवडण्याला न समजण्याचा वेष चढवला.

सर्वांत मोठा विनोद मला नंतर हॅझ्लिट पुन्हा वाचताना सापडला. १७९८ साली तो तरुणपणी वर्ड्स्वर्थला भेटला आणि त्या भेटीचे वर्णन त्याने १८२३ साली लिहिले. त्यात तो कवीच्या बोलण्यातला उत्तरेकडचा ठसठशीत घोगरा ‘र’ मुद्दाम नोंदवतो. वर्ड्स्वर्थ कंबरलंडचा, जन्मभर तो तसेच बोलला. म्हणजे त्या दिवशी आमच्या समितीपुढे स्वतः वर्ड्स्वर्थ आपली कविता शिकवायला आला असता, तर आम्ही त्याच्याही नावापुढे तोच शेरा मारला असता!

आपण म्हणाल, ही चार चहाबाज प्राध्यापकांची गोष्ट. तिने एवढे मनाला लावून का घ्यावे? पण ही खोड साऱ्या जगाची आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बी.बी.सी.ने विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशायरच्या माणसाला राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवले. घरावर बॉम्ब पडत असलेल्या श्रोत्यांनाही त्याचा हेल खटकला आणि तक्रारी आल्या. बातमी तीच, पण तिच्यामागचे घराणे बदलले होते. २०१० साली शिकागोत झालेला एक प्रयोग तर मला अधिकच अस्वस्थ करतो. ‘जिराफ उंटापेक्षा जास्त दिवस पाण्यावाचून राहू शकतो’ अशा जातीची वाक्ये काही लोकांकडून वाचून घेतली. काहींचे इंग्रजी तिथलेच, काहींचे परदेशी हेलाचे. वाचणारा दुसऱ्याचे वाक्य नुसते वाचतो आहे, हे ऐकणाऱ्यांना सांगितलेले होते. तरी परदेशी हेलात ऐकलेली वाक्ये त्यांना कमी खरी वाटली. पुढच्या वेळी लोकांना सावध केले, की तुमचा कान तुम्हाला असा फसवतो. सावध झालेल्यांनी सौम्य हेलाच्या बाबतीत स्वतःला सावरले. जड हेलाच्या बाबतीत सावरता आले नाही. ऐकताना मनाला थोडे जास्त श्रम पडतात आणि ते श्रम आपण बोलणाऱ्याच्या खरेपणाच्या खात्यावर टाकतो. म्हणजे येथे दुष्टपणा असायलाच हवा असे नाही. आळस पुरतो.

मला वाटते, प्रश्नाचे मर्म येथे आहे. कोणते बोलणे आवडावे यात पाप नाही. कुणाला भैरवी आवडते, कुणाला भूप. आयरिश हेल ऐकून माझे मन आजही हलते आणि ते सुख सोडायला मी तयार नाही. पण कानाची गाण्याच्या बैठकीतली जागा वेगळी आणि न्यायासनावरची जागा वेगळी. आपल्याच नात्यातल्या माणसाचा खटला आला तर न्यायाधीश तो दुसऱ्याकडे सोपवतो. कानाने तेवढे सौजन्य दाखवायला काय हरकत आहे? त्या १९८४नंतर मी कुठल्याही मुलाखतीला बसलो की एक नेम पाळला. उमेदवाराला गुण देण्याआधी त्याचे म्हणणे मनातल्या मनात मराठीत करायचे. भाषांतरात हेल गळून पडतो आणि म्हणणे तेवढे हाती राहते. कित्येकदा लोण्यासारख्या इंग्रजीचे मराठी करायला गेलो आणि हाती काहीच लागले नाही!

एवढ्यावर मी स्वतःला बराच सुधारलेला समजत होतो. २००३च्या सुमारास माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये नोकरीला लागली. तिला तेथे उच्चार घासूनपुसून दिले आणि रात्रपाळीपुरते एक अमेरिकन नावही दिले. मला वाईट वाटेल असे समजून ती म्हणाली, “सर, पगार चांगला आहे. उच्चार बदलल्याचं मला काही वाटत नाही. फक्त पलीकडचं माणूस ओरडलं की कळत नाही, ते नक्की कुणाला ओरडलं. आणि कुणी छान बोललं, तरी कळत नाही.” त्यातले पहिले वाक्य माझ्या लक्षात राहिले होते. दुसऱ्याचा अर्थ मला गेल्या दिवाळीत लागला.

कारण नातीच्या बाबतीत मी काही नाक मुरडले नव्हते. मी तर लाड केले होते! परभणीच्या माणसाचा ‘च’ नावडला म्हणून त्याचे म्हणणे ऐकले नाही. नातीचा ‘र’ आवडला म्हणून तिचे ऐकले नाही. एकाला दारातून परत पाठवले, दुसरीला काचेच्या कपाटात ठेवले. दोघांच्याही वाट्याला एकच गोष्ट आली. मी सूर घेतला आणि टेकडी चढून निघून गेलो.

त्या परभणीच्या उमेदवाराचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. त्याचे नावही आता आठवत नाही. ‘च’ मात्र आठवतो. याहून मोठी शिक्षा आणखी काय असायची?

पाडव्याच्या दिवशी दुपारी सगळी निजली होती. नात ओसरीवर विझलेल्या पणत्यांतल्या वाती काढत बसली होती. मी जवळ जाऊन बसलो. ती सावध झाली. आता आबा पुन्हा ‘वर्ल्ड’ म्हणायला लावणार!

“तुझ्या त्या मैत्रिणीचं नाव काय गं?” मी विचारले. “कुठल्या गावी चाललीय ती?”

तिने माझ्याकडे नीट पाहिले. मग हातातली पणती खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. बराच वेळ सांगत होती. तिच्या बोलण्यात ‘र’ असतीलच पुष्कळ.